चुन्यातलं मीठ

मी टाकीच्या शिडीवर अर्ध्यात होते आणि खालून साहेब ओरडत होते, "सुलभाबाई, उतरा! गळतंय का एवढंच बघायचं होतं. गळतंय. झालं!"

"कशानं गळतंय ते खालून दिसत नाही साहेब," मी म्हटलं, पदर खोचला आणि वर गेले.

खाली अर्धं गाव जमलं होतं. टाकी त्यांनी रोजच बघितलेली. टाकीवर चढलेली बाई मात्र कोणी बघितली नव्हती. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, पडंल की ओ ती!" मला हसू आलं आणि हात सुटता सुटता राहिला. शिडी खालून कोणीतरी घट्ट धरून ठेवली होती, म्हणून निभावलं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. ऑफिस भाड्याच्या घरात, खुर्च्या उस्मानाबादहून आलेल्या, त्यातल्या निम्म्या लंगड्या. आणि नव्या जिल्ह्याच्या कपाळी लगेच दुष्काळ. मी ज्युनिअर इंजिनिअर. माहेर नांदेडचं, वडील शाळामास्तर. आमच्या समाजातली इंजिनिअर झालेली पोरगी म्हणून वडिलांना कोण कौतुक, आणि ऑफिसात लोकांना कोण शंका. आमचे साहेब, म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, पुण्याकडचे. माणूस सरळ, पण टाकी म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. तरुणपणी कुठंतरी एका टाकीची भिंत फुटलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून ते कुठल्याही टाकीखाली दोन मिनिटांच्या वर थांबत नसत.

गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. नाव सांगत नाही, उगाच कुणाला टोचायला नको. टाकी बहात्तरच्या दुष्काळानंतर बांधलेली. चार खांबांवर गोल टाकी. बोअरचं पाणी पंपानं वर चढायचं आणि वरून आपल्या वजनानं नळांना उतरायचं. लाइट असो नसो, टाकीत पाणी असेपर्यंत नळाला पाणी.

वर जाऊन बघितलं. टाकी पांढरीशुभ्र. असा चुना मी सरकारी टाकीला कधी बघितला नव्हता. त्या चुन्याखाली उभ्या भेगा. बहुतेक केसासारख्या बारीक, ओल धरलेल्या. तीन मात्र रुंद. पोस्टकार्डाची कड आत जाईल एवढ्या. त्यांच्या तोंडाशी तांबूस डाग. तांबूस डाग म्हणजे आतलं लोखंड गंजतंय.

खाली उतरले. साहेबांनी निकाल देऊन टाकला होता. "रिकामी करा. टाळं लावा. पावसाळ्यानंतर बघू."

शिडी धरून उभा असलेला माणूस तेव्हा पहिल्यांदा बोलला. साठीकडं झुकलेला, काटक, धोतर-सदरा, डोक्याला पटका. "साहेब, टाळं लावल्यावर पानी कुठून देताव गावाला?"

"टँकर येईल. आडात सोडू. आडावरून शेंदून घ्या."

हे सटवाजीमामा. टाकी झाली त्या दिवसापासून पंप चालवणारे. त्यांची बायको गयामावशी मागं उभी होती, ती पुटपुटली, "पुन्हा आड आला का माय."

मला कळलं ती काय म्हणाली ते. आमच्या घरातही आडाच्या गोष्टी सांगायच्या म्हणून सांगत नसत, पण त्या माहीत असत. टाकीच्या आधी या गावात आमच्या माणसांनी आडाच्या कडेला रिकामी घागर घेऊन उभं राहायचं आणि कुणी ओतलं तर न्यायचं. कायदा कधीच बदलला होता. पण दुष्काळ पडला, आडावर गर्दी झाली, की माणसाच्या जुन्या खोडी कायद्याच्या आधी धावतात. टाकीनं तो प्रश्नच मिटवला होता. नळ सगळ्या आळ्यांत. पाणी वरून येतं, ते कुणाचा हात विचारत नाही. आणि ते सोडणारे सटवाजीमामा.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, खांब आणि बीम ठोकून बघितलेत. पक्के आहेत. दोष नुसत्या भिंतीत आहे. आणि उन्हात टाकी रिकामी ठेवली तर काँक्रीट आणखी सुकेल, भेगा आणखी उघडतील. मग पावसाळ्यानंतर बघायला काही उरणार नाही."

"पडली तर?"

"नाही पडणार."

"लेखी देता?"

"देते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, नोकरी नवी आहे तुमची."

"टाकी पण गावाला एकच आहे, साहेब."

ते म्हणाले, "अर्धी भरा. अर्ध्याच्या वर एक घागर नाही. रुंद भेगा का पडल्या ते शोधा आणि पाडव्याच्या आत दुरुस्त करून मला पूर्ण भरून दाखवा. थेंब गळला तर टाळं. आणि खाली कोणी बसायचं नाही!"

शेवटचं वाक्य त्यांनी टाकीच्या सावलीत बसलेल्या म्हाताऱ्यांकडं बघून म्हटलं. म्हातारे हलले नाहीत.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगते, कंटाळू नका. काँक्रीटला भेग पडते म्हणजे आभाळ कोसळत नाही. काँक्रीट सुकताना आकसतं, उन्हात ताणतं, भेग पडतेच. प्रश्न असतो किती रुंद. भेग दुप्पट रुंद झाली की पाणी दुप्पट जाईल असं तुम्हाला वाटेल. तसं होत नाही, आठपट जातं. म्हणून बारीक भेग आणि रुंद भेग या आमच्या लेखी दोन वेगळ्याच वस्तू.

बारीक भेगेची आणखी एक गंमत आहे. तिच्यातून पाणी हळूहळू पाझरतं. पाझरताना काँक्रीटमधला चुना आपल्याबरोबर घेतं. तोंडाशी येऊन वाळतं, हवा लागते, आणि चुना तिथंच बसतो. दगडासारखा. काही आठवड्यांत भेग आपली आपण बुजते. बाहेर एक पांढरी रेघ राहते, बस्स. अंगावरच्या जखमेला खपली धरावी तसं. काँक्रीट हे निर्जीव आहे असं आम्हाला कॉलेजात शिकवलं, पण मला ते कधी पूर्ण पटलं नाही.

माझं डोकं इथंच अडलं. एवढी वर्षं पाणी भरलेली टाकी. या बारीक भेगा पहिल्याच वर्षी बुजायला हव्या होत्या. बुजल्या का नाहीत? आणि लोखंड गंजलं कशानं? काँक्रीटमधला चुना लोखंडाला सांभाळतो, गंजू देत नाही. त्याला हरवणारी चीज म्हणजे मीठ. भेगेवाटे मिठाचं पाणी आत गेलं की सळईचं पांघरूण निघालंच समजा. मग सळई गंजून फुगते, आतून भिंतीला रेटते, आणि बारीक भेग रुंद होते.

पण मीठ आणणार कुठून? समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठं.

मी रुंद भेगेपाशी छिन्नीनं थोडं फोडलं. सळईला खड्डे पडलेले. तिथली पूड घेतली. हातभर अंतरावरच्या चांगल्या काँक्रीटची पूड घेतली. बोअरच्या पाण्याची बाटली भरली. आणि एसटीनं नांदेड गाठलं. विष्णुपुरीच्या कॉलेजात माझा वर्गमित्र विनायक लॅबमध्ये होता. त्यानं तिन्हींत सिल्व्हर नायट्रेट टाकलं. या औषधाचं काम सोपं. मीठ नसेल तर पाणी निवळ राहतं, असेल तर दुधाळ होतं. बोअरचं पाणी जरासं धुरकटलं. चांगल्या काँक्रीटचं निवळ. आणि भेगेची पूड? थेंब पडताच दही लागल्यासारखं झालं.

विनायकनं परीक्षानळी उजेडाला धरली. "सुलभे, हे काँक्रीट आहे का लोणचं?"

"गप रे."

"अगं खरंच. कुणीतरी मुरवत घातलंय हे."

येताना बसमध्ये तेच डोक्यात. पाण्यात नाही, मूळ काँक्रीटमध्ये नाही, म्हणजे बाहेरून आलंय. भेगेच्या वाटेनं आलंय. पण कोण घालणार टाकीला मीठ?

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचले तर टाकीखाली मोठी गडबड. ड्रममध्ये चुना रटरटत होता, सटवाजीमामा बांबूनं ढवळत होते.

"हे काय मामा?"

"जयंती आली की माय." पहिल्या दिवशी मी त्यांची 'म्याडम' होते. माझे वडील कोण, कुठले, हे कळल्यापासून 'माय' झाले होते. "दरसाल जयंतीच्या आधी चुना देतो टाकीला. निळे झेंडे लागतेत न्हवं खांबाला, वर टाकी कशी दुधावानी दिसाय पायजे. लांब हद्दीवरून दिसतीया आपली टाकी. कर्नाटकातले लोक इचारतेत, कुनाची म्हणून."

बोलता बोलता त्यांनी शेजारच्या पोत्यात हात घातला आणि खडेमिठाची ओंजळ ड्रममध्ये सोडली. मग दुसरी. मग तिसरी.

"मामा, मीठ कशाला?"

"असं काय इचारायलीस? इंजनेर हाईस न्हवं? मीठ घातलं की चुना धरतो. अंगाला लागत न्हाई, पावसानं जात न्हाई. घराला चार मुठी घालतेत, मी टाकीला पायली घालतो. सरकारी काम हाय म्हणून हात आखडता घेयाचा न्हाई."

"किती वर्षं घालताय?"

"टाकी झाली तवापून."

गयामावशी कौतुकानं म्हणाली, "आमच्या घरात मीठ कमी पडंल ओ म्याडम, टाकीला न्हाई पडायचं."

मी दगडावर बसलेच. मामांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी पाणी दिलं आणि मला बरं वाटावं म्हणून आपली सगळी कामगिरी दाखवायला लागले. हे बघ खुरपं, दोरीला बांधून वर नेतो. भिंतीवर पांढऱ्या रेघा येतात, घाण दिसते, ती दरसाल खरवडून काढतो. भेगेत टोक घालून साफ करतो. मग पोतेरं मारतो. मग चुना.

म्हणजे टाकी वर्षभर आपली भेग बुजवायची, आणि मामा जयंतीच्या आधी ती खपली काढायचे. उघड्या भेगेवर मिठाचा चुना. पहिला हात, दुसरा हात. पाऊस आला की ते मीठ विरघळून आत. ऊन पडलं की पाणी उडून जायचं, मीठ आतच. पुन्हा पाऊस, पुन्हा मीठ. सगळं इतक्या मायेनं केलेलं की मला रडू यायला लागलं.

गोड बोलून विषय टाळावा असं फार वाटलं. पण ड्रम तयार होता, दुपारी चुना लागला असता. मी सांगितलं. सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. मीठ कसं आत जातं, लोखंड कसं फुगतं, पांढरी रेघ म्हणजे काय.

मामांनी बांबू ड्रमच्या कडेला टेकवला. "म्हंजी... ह्या भेगा मीच पाडल्या?"

"भेगा तुम्ही नाही पाडल्या. त्या पडतातच. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं मामा."

"पर रुंद मी केल्या."

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण ते माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "हो."

त्यांनी ड्रमवर पोतं झाकलं, हात धुतले आणि घरी निघून गेले. जाताना टाकीकडं वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. उदगीरहून गवंडी आणला. रुंद भेगांच्या दोन्ही बाजूंचं खारट काँक्रीट सळईच्या मागंपर्यंत फोडून काढायचं, सळई तारेच्या ब्रशनं घासून लख्ख करायची, सिमेंटचा पातळ लेप द्यायचा आणि भक्कम मालानं पॅच भरायचा. मग ओलं पोतं बांधून ठेवायचं. त्याला क्युरिंग म्हणतात. सिमेंटला नुसतं वाळू दिलं तर ते ताकद धरत नाही, त्याला पाणी पाजावं लागतं. दुष्काळात लोकांना पाणी नाही आणि मी भिंतीला पाणी मागतेय! पण वस्तीतल्या आणि गावातल्या बायका एकेक तांब्या आणून देत होत्या. मामा ते तांबे वर नेत होते. काम सगळं करत होते. बोलत मात्र नव्हते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गयामावशीनं मला गाठलं. "म्याडम, काय सांगितलंव त्यांना?"

"का?"

"मिठाला शिवंनात. कालवणात मीठ न्हाई, भाकरीसंगं मिरची न्हाई. म्हनतेत, जे टाकीच्या पोटात घातलं ते माझ्या पोटात कशाला. उनात कामं करायलेत, काल घेरी आली."

मी तरातरा त्यांच्या घरी गेले. मामा दारात बसले होते. मला राग आला की मी मान ठेवत नाही, हा माझा जुना दुर्गुण. "मामा, हा काय येडेपणा लावलाय? टाकीला मीठ चालत नाही, माणसाला लागतं. उन्हात घाम जातो, मीठ जातं. मेलात तर पंप कोण चालवणार, साहेब?"

"टाकी जगू दे. मग खाईन."

"आणि नाही जगली तर?"

"तर काय करायचंय खाऊन?" ते शांतपणे म्हणाले. "माय, तुला ठावं न्हाई. गया आडावर उभी ऱ्हायची. लेकरू पाठीला. उन्हं कलली तरी घागर रिकामी. एकदा तशीच रिकामी घेऊन आली, आन् मला म्हनली, आज न्हाई भेटलं, उद्या भेटंल. तवा मी काय करू शकलो न्हाई. ही टाकी झाली तर मला वाटलं, आता हिला मी जपीन. आन् जपता जपता..."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. बाहेर आल्यावर मावशी हळूच म्हणाली, "तुमी काळजी करू नगा. मी पिठात घालते जरासं, मळतानाच. जिवापुरतं."

"त्यांना कळत नाही?"

"न कळायला काय झालं? कळतंय की. पर गप खातेत." आणि पदर तोंडाला लावून हसली.

लातूरला जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. रिपोर्टात कारण काय लिहायचं हा प्रश्न होता. ते ऐकत राहिले, मग उठून आपल्या ऑफिसच्या भिंतीवर बोट ओढून म्हणाले, "अहो बाई, या चुन्यातही मीठच आहे. मागच्या महिन्यात माझ्यासमोर कालवलंय. माझी आई पण घालायची."

"इथं चालतं साहेब. या भिंतीत लोखंड नाही. मिठाला खायला काही नाही."

"तेच म्हणतोय. जे सगळ्यांनी सगळीकडं केलं तेच त्यानं केलं, फक्त जास्त मनापासून. नाव नका घालू त्याचं. 'भेगांतून क्षार शिरून सळया गंजल्या' एवढंच लिहा. कुठले क्षार ते विचारायला कोण येतंय?"

मी साहेबांना मनातल्या मनात नमस्कार केला. तसाच रिपोर्ट लिहिला.

पाडव्याच्या दोन दिवस आधी टाकी पूर्ण भरायची ठरली. साहेब स्वतः आले. पंप सुरू झाला. पाणी अर्ध्याच्या वर चढायला लागलं तसं गाव गोळा झालं. साहेबांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि स्वतः मात्र टाकीच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. का, ते मी विचारलं नाही. घाम त्यांना फुटलाच होता.

पॅचवर मामांचा हात. शिडीवर उभे राहून ते तळवा एका पॅचवरून दुसऱ्यावर फिरवत होते, ताप बघावा तसा. टाकी भरून वरच्या पाइपातून पाणी सांडलं तेव्हा त्यांनी खाली हाक दिली, "कोरडं हाय!"

"आणि बारीक भेगा?" साहेबांनी विचारलं.

"वल्या हायेत साहेब. पर थेंब धरंना."

"त्या बुजतील," मी म्हटलं. "हात नाही लावायचा फक्त."

साहेबांनी टाकीखालून बाहेर येऊन मला विचारलं, "नक्की?" मी हो म्हटलं. "मग टाळ्याचं राहू द्या," ते म्हणाले. आणि मामा उतरल्यावर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, मनाला लावून घेऊ नका. आमच्या ऑफिसच्या चुन्यात पण मीठच आहे."

मामा म्हणाले, "पर साहेब, तुमच्या भिंतीतलं पानी कुनी पेत न्हाई."



पुढचे दिवस मामा रोज सकाळी भेगा बघायचे आणि मी गेले की सांगायचे. आधी ओल कमी झाली. मग एकेका भेगेवर पांढरी रेघ धरायला लागली. जुन्या चुन्यावर ती मळकट, ओबडधोबड दिसायची. पोरं म्हणायची टाकीला कोड फुटलंय. मामा म्हणायचे, "फुटू दे. हात लावला तर तंगडी मोडीन."

नुसता चुना, बिनमिठाचा, डिंक घालून लावला तरी चालेल असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी नाही लावला. वरून चुना दिला तर रेघ दिसायची नाही, आणि रेघ दिसली नाही तर कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. माझं काहीच म्हणणं नव्हतं.

जयंतीला मला आग्रहाचं बोलावणं. टाकीच्या खांबांना निळे झेंडे, पताका, कर्णा, आणि वर ती पट्टेरी टाकी. पाहुण्यांत कुजबुज चालली होती. शेवटी गावातल्या एका पुढाऱ्यानं माइकवरूनच टोला हाणला, "यंदा आमच्या सटवाजीला आळस आलेला दिसतोय! टाकी तशीच ठेवली!" लोक हसले.

मी उठणार होते. दुष्काळामुळं, पाणी वाचवायचं म्हणून, असं काहीतरी सांगून टाकणार होते. मामा माझ्या आधी उठले. माइक हातात कसा धरायचा ते त्यांना माहीत नव्हतं, दोन्ही हातांनी धरला.

"आळस न्हाई," ते म्हणाले. "मी चुन्यात मीठ घालत हुतो. इतकी वर्सं. त्या मिठानं टाकी आतून खाल्ली. मला ठावं नव्हतं. ही पोरगी आली म्हणून टाकी वाचली, न्हाई तर समद्यांना पुन्हा आडावर जावं लागलं असतं. म्याडमनी माझं नाव कागदावर घेतलं न्हाई, साहेबांनी बी घेतलं न्हाई. पर मी मेल्यावर माझ्या जागी जो यील, त्यो बी मायेनं मीठच घालंल. म्हणून सांगतो. चूक माझी हाय. ती पांढरी रेघ कुनी खरवडू नगा. तिला चांगलं दिसायची गरज न्हाई."

कर्णा नुसता खरखरत होता. तो पुढारी खाली बघत होता. साहेब लातूरहून खास आले होते, ते चष्मा पुसायला लागले.

मग पंगत बसली. दुष्काळातली पंगत, भात आणि वरण. मामा माझ्या शेजारी बसले. वाढणारा पोऱ्या मिठाचं ताट घेऊन आला आणि सवयीनं मामांना चुकवून पुढं सरकला. मामा मीठ खात नाहीत हे गावाला ठाऊक होतं. मामांनी त्याला हाक मारली.

"ए, हिकडं. मीठ वाढ."

समोरच्या ओळीत गयामावशी बसली होती. तिनं ते ऐकलं, आणि तिथंच, शंभर माणसांत, हुंदका देऊन रडली. मामांनी मिठाचं बोट जिभेला लावलं आणि वरणभात कालवायला घेतला.

त्या उन्हाळ्यात गाव आडावर गेलं नाही. मामा पुढं बरीच वर्षं पंप चालवत होते. टाकी मी रिटायर होईपर्यंत उभी होती, चट्ट्यापट्ट्यांची, जिल्ह्यातली सगळ्यात कुरूप आणि सगळ्यात कोरडी.

तुमच्या घराच्या स्लॅबला, टाकीला भेग दिसली तर एवढं लक्षात ठेवा. पांढरी रेघ असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. तांबडी दिसली तर एक दिवस थांबू नका, इंजिनिअरला बोलवा. आणि चुना लावणाऱ्याला आधी विचारा, त्यात काय घातलंय. विचारताना आवाज चढवू नका. त्यानं ते बहुतेक चांगल्यासाठीच घातलेलं असतं.